शेवटच्या वळणावरचा आहेर

शशिधर कुंटे घरात साधा कोळी मारत नसे. कोळी दिसला की त्याच्यावर ग्लास उपडा ठेवायचा, खालून पोस्टकार्ड सरकवायचं आणि बागेत नेऊन सोडायचं, वर "जा बाबा" असंही म्हणायचं. सुपरमार्केटच्या रांगेत कोणी मध्ये घुसलं तर सॉरी हाच म्हणायचा. आणि असा हा माणूस मार्च ते ऑक्टोबर दर दुसऱ्या रविवारी हेल्मेट चढवून, लोखंडी गर्डरचा बंपर लावलेल्या गाडीत बसायचा आणि समोर जो येईल त्याला मागून धडक मारायचा. गेली बावीस वर्षं हे असं चाललं होतं.

त्याच्या बायकोने, वैजयंतीने, याचा अर्थ लावायचं केव्हाच सोडून दिलं होतं. ती नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात फ्रॅक्चर क्लिनिकची सिस्टर होती. नवरा हाडं मोडायच्या धंद्यात आणि बायको जोडायच्या, यावर क्लिनिकमधल्या मुलींनी करायचे तेवढे विनोद करून झाले होते. सांगलीच्या नणंदेला तिने स्टॉक कार म्हणजे काय ते फोनवर तीनदा समजावलं होतं, आणि तिन्ही वेळा नणंदेने एकच विचारलं होतं, की मग पोलीस काही म्हणत नाहीत का.

पोलीस काही म्हणत नाहीत. पाव मैलाचा लंबगोल ट्रॅक असतो, लाल खडीमातीचा. भोवती तारेचं कुंपण आणि लोखंडी खांब. त्यात पंचवीस गाड्या सोडतात. गाड्यांना काचा नाहीत, धड दारं नाहीत, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा आणि त्यात पट्ट्यांनी बांधलेला एक शहाणा माणूस. पुढच्या गाडीला वळणावर बंपरने ढकलून बाहेर काढायचं आणि आपण आतल्या बाजूने निघून जायचं, याला तिथे गुन्हा म्हणत नाहीत, कौशल्य म्हणतात. त्यातही सगळ्यात मानाची धडक शेवटच्या फेरीतल्या शेवटच्या वळणावरची. ज्याने ती मारली तो हिरो. ज्याने खाल्ली त्याने हसून हात मिळवायचा, आणि पुढे कधीतरी तशाच शेवटच्या वळणावर ती परत करायची.

वैजयंती याला आहेर म्हणायची. घेतला की परत करावा लागतो, आणि तोही घेतला त्याहून किंचित भारी. आपल्याकडच्या लग्नांत जेवढे रुसवेफुगवे होतात तेवढेसुद्धा इथे होत नाहीत, एवढाच फरक. उलट ज्याने तुम्हाला कुंपणात घातलं तोच पाच मिनिटांनी मोठा हातोडा घेऊन तुमचा वाकलेला बंपर सरळ करायला येतो, कारण तुमची गाडी पुढच्या रेसला उभी राहिली नाही तर परतीची धडक द्यायला येणार कोण? आणखी एक रीत होती. शेवटचा आहेर ज्याने केला, त्याने परतीचा घेतल्याशिवाय मैदान सोडायचं नाही. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं, पण वीस वर्षांपूर्वी तसा सोडून गेलेल्या एका माणसाचं नाव अजूनही पिटमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्तीला उभ्या असतात त्या आवारात, कोणी घेत नसे, त्याला नुसतं "तो गेलेला" म्हणत.

शशिधरला या वेडात ओढलं नॉर्मन हॅलमने. दोघं एकाच कारखान्यात शेजारशेजारच्या लेथवर. शशिधर नवा आला तेव्हा कँटीनमध्ये त्याच्या टेबलावर डबा घेऊन बसलेला पहिला माणूस नॉर्मन, आणि त्याच्या डब्यात हात घालणाराही पहिला तोच. कोथिंबीर वडीला तो "हिरवे चौकोन" म्हणायचा आणि मोजून चार उचलायचा. शशिधरची मुलगी नीना झाली तेव्हा नॉर्मनच्या बायकोने, शीलाने, तिच्यासाठी पिवळा स्वेटर विणला. नंतर नॉर्मनने एक मोडकी गाडी आणली, शशिधरला वेल्डिंगला बोलावलं, आणि त्या दिवसापासून वैजयंतीच्या गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनला जागा उरली नाही. शीला दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून नॉर्मनचा आठवडा रविवारी सुरू होई आणि रविवारीच संपे. मधले दिवस तो फक्त काढायचा.

त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये नॉर्मनने शशिधरला शेवटच्या वळणावर असा काही आहेर केला की शशिधरची गाडी दोन खांबांच्या मध्ये जाऊन अडकली. ती काढायला क्रेन लागली. मारणारा स्वतःही सुटला नाही; नॉर्मनची गाडी फिनिशची रेघ ओलांडून गेली ती तिरकी होऊन कुंपणावर आपटली. शशिधर लंगडत बाहेर आला, हेल्मेट काढलं आणि नॉर्मनचा हात हातात घेऊन लहान पोरासारखा हसला. सीझनची फायनल महिन्याभरावर होती. जो जिंकेल त्याला पुढचं वर्षभर गाडीचं छत सोनेरी रंगवायचा मान. शशिधरला बावीस वर्षांत तो एकदाही मिळाला नव्हता, आणि आता तर नॉर्मनला परतीचा आहेर द्यायचा हक्कही त्याच्या पदरात पडला होता. त्याने सोनेरी रंगाचा डबा आणूनसुद्धा ठेवला.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी क्लिनिकमध्ये तिसऱ्या नंबरचा पेशंट म्हणून नॉर्मन आत आला. वैजयंतीला बघून तो दारातच थबकला. डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या येत होत्या. डॉक्टरांनी फोटो काढायला लावले, बराच वेळ बघितले, आणि मग खुर्ची पुढे ओढून बसले. मानेच्या दोन मणक्यांचं काही खरं नव्हतं. पुढचे काही महिने मानेला कॉलर, मग पुन्हा तपासणी, बहुधा ऑपरेशन. मागून एक जोराचा धक्का बसला तर माणूस चाकाच्या खुर्चीतून पुन्हा उठणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणि काय करता म्हणून विचारलं. नॉर्मनने सांगितलं, बागकाम.

कॉरिडॉरमध्ये वैजयंतीने त्याला गाठलं. तो म्हणाला, सिस्टर, इथे ऐकलेलं तू बाहेर बोलू शकत नाहीस, हो ना. ती म्हणाली, मी नाही बोलू शकत, पण तुला अक्कल आहे ना. तो हसला आणि गेला. कॉलर घातलेली होती, म्हणून ती निश्चिंत झाली. फायनलला हा येणार नाही असं ती धरूनच चालली.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, इंग्लंडच्या हिवाळी रिवाजाने घड्याळं पहाटेच एक तास मागे गेलेली, दिवाळीची चकली आणि कोथिंबीर वडी डब्यात, अशी कुंटे मंडळी स्टेडियमवर पोचली. नीना बर्मिंगहॅमहून आली होती. ती तिथे बँकेत होती, पण बापाच्या गाडीखाली झोपून नट आवळणं हा तिचा लहानपणापासूनचा आनंद. पिटमध्ये शिरल्या शिरल्या वैजयंतीला अठ्ठ्याऐंशी नंबरची लाल छताची गाडी दिसली आणि तिच्या शेजारी उघड्या मानेचा नॉर्मन. त्याने हात केला. कोणीतरी मागून हाक मारली तर तो खांद्यापासून अख्खा वळला.

आता झाली पंचाईत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. नवऱ्याला सांगावं तर तीस वर्षांच्या नोकरीत पाळलेली शपथ मोडते, आणि तीही अशी की पेशंटने डोळ्यांदेखत आठवण करून दिलेली. न सांगावं तर आज दुपारी साडेतीन वाजता तिचा नवरा, कोळ्याला बागेत सोडणारा हा माणूस, आपल्या सगळ्यात जुन्या मित्राला आनंदाने, प्रेमाने, मागून धडक मारणार आणि जन्मभर खुर्चीत बसवणार. आणि नंतर त्याला कळणार की बायकोला माहीत होतं. अँब्युलन्सवाल्यांच्या कानात सांगावं असंही तिच्या मनात येऊन गेलं, पण शपथ मोडायचीच तर ती नवऱ्यापाशी काय आणि अँब्युलन्सवाल्यांपाशी काय, सारखीच मोडते.

तिने आडून प्रयत्न करून पाहिले. पोट दुखतंय, घरी जाऊ या, म्हणाली. शशिधरने तिला ओव्याची डबी दिली. ती तिच्याच पर्समध्ये होती. मग, उभ्या आयुष्यात पंचांग न उघडलेली ही बाई म्हणाली, आज दिवस काही चांगला नाही, आज धडक वगैरे नको. शशिधरने पाना खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं. "पंचांग रिकामटेकड्यांसाठी असतं असं तूच आईला सांगितलं होतंस," तो म्हणाला, "त्यावरून दोन वर्षं ती तुझ्याशी बोलली नव्हती." आणि पुन्हा गाडीखाली गेला. नीना तिच्या इंग्लंडी मराठीत म्हणाली, "बाबाचा गाडी आणि आईची तोंड, दोघांनाही ब्रेक नाही." मग आईचा चेहरा बघून तिने विचारलं, "आई, आर यू ओके? तू आजारी दिसतो."

तीनला सगळ्या ड्रायव्हरांना सूचनांसाठी ऑफिसपाशी बोलावलं. पिट रिकामं झालं. वैजयंती नॉर्मनच्या गाडीपाशी उभी होती आणि त्याचं स्टिअरिंग छतावर पडलं होतं. या गाड्यांत चढताउतरताना स्टिअरिंग काढून ठेवावं लागतं, नाहीतर पोट आत जात नाही. तिने बावीस वर्षं ते पाहिलं होतं. तिने इकडेतिकडे बघितलं, स्टिअरिंग उचललं आणि डब्याच्या मोठ्या पिशवीत टॉवेलखाली घातलं. जन्मात दुकानातून एक टाचणी उचललेली नाही अशी ती बाई. पण मनातून बरं वाटलं. स्टिअरिंग नाही तर रेस नाही, रेस नाही तर धडक नाही. कोणाला काही सांगावंही लागलं नाही.

दहा मिनिटांनी लाउडस्पीकरवर घोषणा झाली, की अठ्ठ्याऐंशी नंबरचं स्टिअरिंग हरवलं आहे, कोणाकडे जादा असेल तर कृपया ताबडतोब आणावं. घोषणा संपायच्या आत शशिधर व्हॅनकडे पळत सुटला. घरी जिना चढताना मध्ये दोनदा थांबणारा हा गृहस्थ पन्नास यार्ड पळाला, सीटखालचं आपलं जादा स्टिअरिंग काढलं आणि नॉर्मनच्या हातात नेऊन दिलं. बसत नव्हतं, तर स्वतः गुडघ्यावर बसून कानस घेऊन बसवूनही दिलं. परत आला तेव्हा घाम पुसत होता आणि खुशीत होता.

"वाचलो," तो बायकोला म्हणाला. "तो नसता तर आज मी कोणाला मारणार होतो?"

वैजयंतीने कपाळाला हात लावला. बावीस वर्षं या रीतीची चेष्टा करण्यात गेली आणि ऐन वेळी तीच विसरले, की इथे शत्रूची गाडी उभी करणं हे पहिलं कर्तव्य. करायला गेले एक आणि झालं भलतंच. आता तर नॉर्मनला नवऱ्यानेच हात धरून मैदानात उतरवलं होतं, आणि हिच्या पिशवीत चकलीबरोबर चोरीचा माल.

ती पिशवी घेऊन नॉर्मनच्या ट्रेलरमागे गेली. स्टिअरिंग ताडपत्रीखाली सरकवून निघायचं असा बेत होता. वाकली आणि समोर नॉर्मनचे बूट दिसले.

तो रागावला नाही. खोक्यावर बसला आणि तिलाही बसायला सांगितलं. म्हणाला, मला वाटलंच होतं.

"नॉर्मन, तू मरशील," ती म्हणाली. "मेलास तर सुटशील. नाही मेलास तर काय होतं ते मी रोज बघते."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय. सप्टेंबरात मीच त्याला मारलं. परतीचा घेतल्याशिवाय बसलो तर माझं नाव काय होईल ते तुला माहीत आहे. शीला गेली, कारखाना बंद झाला. या कुंपणाच्या आत माझं नाव आहे, सिस्टर. बाहेर कुठेच नाही." त्याने डाव्या हाताची मूठ उघडून मिटून पाहिली. "आणि एक ऐक. तो आज मागे आला आणि त्याने मारलं नाही, तर मला कळेल की तू बोललीस. मग मी तक्रार करणार नाही, पण तुझ्या घरी पुन्हा येणारही नाही."

त्या माणसाचा तिला इतका संताप आला, आणि इतकी माया वाटली, की दोन्हीतलं काय आधी बाहेर काढावं ते कळेना. तिने स्टिअरिंग त्याच्या पायाशी ठेवलं, पिशवीतून डबा काढला आणि त्याच्यापुढे धरला. त्याने चार हिरवे चौकोन मोजून घेतले. ती परत आली तेव्हा शशिधर गाडीत पट्टे बांधून बसला होता. तिने त्याच्या हेल्मेटचा पट्टा उगाचच पुन्हा तपासला. तो म्हणाला, काळजी करू नकोस, आज सोनं घेऊनच जाऊ.

साडेतीनला हिरवा झेंडा पडला. वीस फेऱ्या. चांगल्या ड्रायव्हरांची लाल छतं सगळ्यांच्या मागून सुटतात, तशी ही दोघंही मागून सुटली. पहिल्या चार फेऱ्यांत सहा गाड्या बाद झाल्या. नॉर्मन नेहमीसारखा चालवत होता, म्हणजे जागा नसलेल्या ठिकाणाहून जात होता. शशिधर त्याच्या मागे चार गाड्या सोडून, मग तीन, मग दोन. खालच्या दर्जाच्या एका पिवळ्या छताला त्याने असं अलगद ढकललं की ते बिचारं आपणच गेल्यासारखं बाजूला झालं. अकराव्या फेरीला नॉर्मन पहिला होता. पंधराव्या फेरीला शशिधर दुसरा.

वैजयंती पिटच्या कुंपणाला तारेत बोटं अडकवून उभी होती. मैदानात उतरला की या माणसाला घरदार, बायको, काही आठवत नाही अशी तिची जुनी तक्रार होती, आणि तरी दर रेसला ती एकाच गाडीकडे बघत उभी राहायची आणि तोंडाने त्याला नावं ठेवत राहायची. आज मात्र तिचा नवरा कुठे आहे ते तिला नीट सांगता आलं नसतं. तिचे डोळे अठ्ठ्याऐंशी नंबरवरून हलत नव्हते.

तीन फेऱ्या उरल्या असताना पलीकडच्या बाजूला तीन गाड्या एकमेकांवर चढल्या. पिवळे झेंडे हलले, रेस थांबली आणि गाड्या आपापल्या क्रमाने रांगेत उभ्या राहिल्या. रांगेचं तोंड आलं नेमकं तिच्यासमोर. पुढे नॉर्मन, त्याच्या मागे शशिधर. क्रेन येईपर्यंत सात-आठ मिनिटं गेली. नॉर्मनने डावा हात स्टिअरिंगवरून काढला आणि झटकला. पुन्हा झटकला. मागे कोण आहे ते बघायला तो वळला तर पट्ट्यांमुळे खांदे वळेनात, आणि मान तर वळतच नव्हती. तो तसाच समोर बघत बसला. वैजयंती त्या हाताची बोटं बघत होती. दोन बोटं मिटत नव्हती.

हिरवा झेंडा पडला. एक फेरी गेली. दुसरी गेली. शेवटच्या फेरीला शशिधरचा बंपर नॉर्मनच्या मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर होता. अख्खा स्टँड उभा राहिला. लाउडस्पीकरवाला ओरडत होता, की सप्टेंबर आठवतोय का, सप्टेंबर आठवतोय का. वळण आलं. नॉर्मनने गाडी आत घातली आणि मागची बाजू, रीतीप्रमाणे, उघडी पडली. वैजयंतीला डोळे मिटायचे होते, पण मिटता आले नाहीत.

शशिधरच्या गाडीचं नाक खाली झुकलं. दोघांमधलं हातभर अंतर दोन हात झालं, मग गाडीभर झालं. नॉर्मन रेघ ओलांडून गेला आणि शशिधर त्याच्या मागून, दुसरा, गेला.

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग स्टँडमधून हुर्यो सुरू झाली. कोणीतरी कागदी कप फेकला. बावीस वर्षांत शशिधर कुंट्याची हुर्यो झाली नव्हती. धडक मारून हरलास तर टाळ्या पडतात, धडक खाऊन हरलास तरी पडतात. हाताशी आलेली धडक न मारणाऱ्याला तिथे क्षमा नाही. तो गाडीतून उतरला तेव्हा आजूबाजूची मंडळी एकाएकी आपापल्या गाड्यांत फार गुंतली. नीनाने विचारलं, "बाबा, व्हाय?" तो म्हणाला, क्लच सरकला. मागच्याच रविवारी बापाबरोबर नवा क्लच स्वतः बसवलेली नीना चहाच्या स्टॉलकडे गेली. तिने त्याला चहा आणून दिला.

नॉर्मन मानाची फेरी अर्ध्यात सोडून आला. झेंडा कुठेतरी टाकून दिलेला. तो वैजयंतीकडे बघतच चालत आला, आणि शशिधरपाशी येऊन थांबला.

"तू ॲक्सिलरेटरवरून पाय उचललास," तो म्हणाला. "बावीस वर्षं तुझं इंजिन माझ्या मागे ऐकतोय. क्लच-बिच मला सांगू नकोस. कोणी सांगितलं तुला?"

"मला कोणी काही सांगितलेलं नाही," शशिधर म्हणाला. त्याने चहाचा कप गाडीच्या बॉनेटवर ठेवला. "तुला काय झालंय ते मला माहीत नाही आणि मी विचारणारही नाही. पण काहीतरी झालंय. आता नीट ऐक. माझा आहेर बाकी आहे. तो मी सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. पण ज्याला मागे वळून बघता येत नाही त्याला मी तो देणार नाही. आधी धड हो. वर्ष लागू दे, पाच लागू देत. तोवर नॉर्मन पळाला असं कोणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव. द्यायचं माझं राहिलंय, घ्यायचं तुझं नाही राहिलेलं."

नॉर्मन मान डोलवायला गेला, ती डोलली नाही. मग तो वैजयंतीकडे वळला, खांद्यापासून अख्खा.

"सिस्टर," तो म्हणाला, "उद्या क्लिनिक किती वाजता उघडतं?"

"आठला. आणि गाडी चालवत यायचं नाही. कॉलर कुठे आहे?"

ती नॉर्मनच्या ट्रकच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये होती. वैजयंतीने ती आणली आणि तिथेच, सगळ्या पिटसमोर, त्याच्या गळ्यात बांधली. तो शाळेतल्या मुलासारखा हनुवटी वर करून उभा राहिला. शशिधरने कॉलर पाहिली आणि त्याच्या हातातला पाना खाली पडला. मघाशी आपापल्या गाड्यांत गुंतलेल्यांपैकी दोघंतिघं उगाचच शशिधरच्या गाडीचे टायर बघायला आले. उद्या सकाळी नॉर्मनला क्लिनिकमध्ये आपण घेऊन येऊ, असं शशिधरने कोणाकडेही न बघता जाहीर केलं. नॉर्मनचा ट्रक नीना चालवणार आणि त्याला घरी सोडून मग बर्मिंगहॅमला जाणार, असं ठरलं.

पाच वाजता अंधार पडला होता, घड्याळांची कृपा. व्हॅनमध्ये दोघंच होती, मागे ट्रेलरवर न ठोकलेली गाडी. मग वैजयंतीने विचारलं, की तुम्हाला कळलं कसं.

"पिवळ्या झेंड्याला थांबलो होतो ना, तेव्हा मी तुला हात केला," शशिधर म्हणाला.

"मला दिसला नाही."

"तेच तर. रेस थांबली की मी दर वेळी कुंपणाकडे बघतो. बावीस वर्षं. तू उभी असतेस, मला शिव्या घालत असतेस, पण बघत माझ्याकडे असतेस. आज तू माझ्याकडे बघत नव्हतीस. नॉर्मनकडे बघत होतीस, आणि बायकांनी बघावं तसं नाही, वॉर्डात बघतेस तसं. मग म्हटलं, हिला काहीतरी माहीत आहे आणि हिला ते सांगता येत नाहीये. सकाळपासून पोट काय, पंचांग काय." तो हसला. "एवढं कळल्यावर मग धडक कसली मारतोय."

तिने त्याला सांगितलं, की आता कॉलर सगळ्यांनी पाहिली आहे, विचारायचं असेल तर विचारा. तो म्हणाला, नको, नॉर्मनला वाटलं तर नॉर्मन सांगेल. तिने सोनेरी छताचं काय म्हणून विचारलं. तो म्हणाला, सोनेरी रंग उन्हात टिकत नाही म्हणतात. ती म्हणाली, नॉटिंगहॅममध्ये ऊन कुठाय. यावर त्याने उगाचच गिअर बदलला, कारण छताचं त्याला वाईट वाटत होतं आणि ते लपवता येत नव्हतं.

वैजयंतीला रडू आलं. इतकी वर्षं आपण समजत होतो की गाडीत बसला की हा आपल्याला विसरतो, आणि हा त्या पिंजऱ्यातून, दर थांब्याला, आपण कुंपणापाशी दिसतो का म्हणून बघत होता. हे तिला सांगायचं होतं, पण तिने नाक पुसलं आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. काय झालं म्हणून तो तिच्याकडे वळला.

"समोर बघून चालवा," ती म्हणाली, आणि घर येईपर्यंत तिने हात काढला नाही.